ॲसिड हाऊसचा बाप मुंबईचा? जरा थांबा!

कोमल_निषाद
काल इथेच एक धागा आला होता: "हाऊस म्युझिक मुंबईत जन्मलं, गोऱ्यांनी ढापलं." (हाऊस म्हणजे यंत्रांवर केलेलं, क्लबात नाचायचं संगीत. ॲसिड हाऊस ही त्याचीच शाखा.) पुरावा काय, तर चरणजित सिंग यांची १९८२ ची, एचएमव्हीने काढलेली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी. खाली "अभिमान वाटतो"ची रांग आणि चार तिरंगे. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

आधीच सांगतो, मला ती एलपी जीव की प्राण आहे. फिल्मी वाद्यवृंदात आयुष्य घालवलेला माणूस रोलँड कंपनीची तीन यंत्रं मांडून बसतो, बेसचं टीबी-३०३, ठोक्यांचं टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तबला बंद. ललत, भूपाळी, मधुवंती, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठोक्यावर. विकली गेली नाही, लोक विसरले. मग एका डच रेकॉर्डवेड्याच्या हाती लागली आणि २०१० ला पुन्हा निघाली. तेव्हा युरोपातल्या निम्म्या जाणकारांना वाटलं, कुणीतरी आजच करून जुनी म्हणून खपवतोय.

इथवर सगळं खरं. पण पुढे "ढापलं" कुठून आलं? शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ चं. त्या पोरांनी आपली एलपी ऐकल्याचा कणभर पुरावा नाही. आणि "गोऱ्यांनी"? अहो, तिघेही काळे होते! अभिमान बाळगायला माझी ना नाही, पण निदान ज्यांना शिव्या घालताय त्यांचा फोटो तरी बघा.

हाऊस हे नाव शिकागोच्या 'वेअरहाऊस' या क्लबवरून पडलं. १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे रेकॉर्ड वाजवायचा आणि नाचायला यायचे ते बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण. दुसरीकडे त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. असं संगीत एचएमव्हीच्या स्टुडिओत जन्मत नसतं. त्याला फ्लोअर लागतो, घामेजलेली गर्दी लागते, पहाट लागते. चरणजितजींच्या एलपीवर १९८२ मध्ये कोण नाचलं? कुणीच नाही. मग बाप कसले?

गिरगावचा_गण्या
कालचा धागा माझा होता. "गोऱ्यांनी" हा शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

माझे वडील ॲकॉर्डियन वाजवायचे. ताडदेवच्या रेकॉर्डिंगला सकाळी नऊला जायचे ते रात्री घरी. त्यांनी वाजवलेले तुकडे आजही लग्नात वाजतात. कव्हरवर नाव? संगीतकाराचं, गायकाचं, गीतकाराचं. वडिलांचं एकदाही नाही. एका निर्मात्याने तर शेवटचं मानधन बुडवलं ते बुडवलंच. त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्यासाठी वाजवणाऱ्या एका माणसाला जग उशिरा का होईना ओळखतंय, तर तुमच्या पोटात का दुखतं?

आणि मुद्द्याचं. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. चरणजितजींनी तिची मींड केली. यंत्र ओळखून वापरलं. शिकागोच्या पोरांना ते चालवता येत नव्हतं, बटणं पिरगाळताना तो ॲसिडचा आवाज निघाला. यंत्र ज्याला कळलं तो बाप, की ज्याने चुकून कान पिळला तो?

कोमल_निषाद
कान पिळला तोच. यात विनोद नाही. ते यंत्र बनलं होतं एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते सपशेल पडलं, १९८४ ला कंपनीने बंद केलं. म्हणून तर ते पोरांच्या खिशाला परवडलं. त्यांनी केलेली 'ॲसिड ट्रॅक्स'ची टेप रॉन हार्डी या डीजेने 'म्युझिक बॉक्स' क्लबात लावली. पहिल्यांदा फ्लोअर रिकामा झाला. त्याच रात्री त्याने ती पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि म्हणतात की चौथ्या वेळी लोक वेडे झाले. जन्म त्या चौथ्या वेळी झाला, गण्याभाऊ.

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तो वेगळा अन्याय आहे.

गिरगावचा_गण्या
वेगळा नाही. तुम्हाला वेगळा दिसतो.

पॉपकॉर्नवाला
जागा धरून ठेवतोय.

इलिनॉयची_इरा
मी अकरा वर्षं शिकागोत आहे. साउथ जेफरसन रस्त्यावरची ती वेअरहाऊसची इमारत बाहेरून अगदीच साधी आहे. बहिणीला दाखवायला नेलं तर म्हणाली, "हे बघायला पार्किंगचे एवढे पैसे?" २०२३ मध्ये शहराने तिला वारसा इमारत केलंय.

हाऊस ज्यातून आलं त्या डिस्कोचं काय झालं तेही सांगायला हवं. १२ जुलै १९७९, कॉमिस्की पार्क, बेसबॉलचे दोन सामने. एका रेडिओवाल्याने जाहीर केलं, डिस्कोची रेकॉर्ड आणा, ९८ सेंटात आत या. मधल्या वेळात मैदानात त्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना खेळलाच गेला नाही. तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणारा एक काळा पोरगा होता, विन्स लॉरेन्स. त्याने नंतर सांगितलंय की लोकांनी आणलेल्या कितीतरी रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. हाच पोरगा १९८४ मध्ये 'ऑन अँड ऑन'च्या लेखकांत आहे, म्हणजे ज्याला बरेच जण हाऊसची पहिली रेकॉर्ड म्हणतात त्यात.

त्यामुळे "आवाजाचा त्रास होतो" असं कुणी म्हणालं की मी आधी बघते, नेमका कुणाचा आवाज.

आजोबा_ऑनलाईन
इराताई, शेवटचं वाक्य मला टोचलं म्हणून लिहितो. वय ७४. मला आवाजाचा त्रास होतो आणि मी कुणाचीही जात, धर्म, रंग विचारत नाही. गेल्या वर्षी विसर्जनाला आमच्या गल्लीत डीजे सहा तास उभा होता. शोकेसच्या काचा थरथरत होत्या. पत्नीच्या हृदयात स्टेंट आहे. ती उशी छातीशी धरून स्वयंपाकघरात बसली, कारण तिथे दोन भिंती आड येतात. पोलिसांना तीनदा फोन केला. "बघतो काका." निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, असं नियमात लिहिलंय. कुणाला वाचायला वेळ आहे? या धुडगुसाला तुम्ही संगीत म्हणा, इतिहास म्हणा, क्लब म्हणा. हा रोग आहे.

कोमल_निषाद
आजोबा, त्रास समजतो, पण धागा गणपतीचा नाही.

साताऱ्याचा_बेस
आता झालाय. राहू द्या.

आजोबा, पहिली गोष्ट, डीजे म्हणजे माणूस. स्पीकरच्या त्या भिंतीला आमच्याकडे डॉल्बी म्हणतात, आणि डॉल्बी नावाच्या कंपनीचा आमच्या भिंतीशी काडीचा संबंध नाही. आमचा साउंडचा धंदा आहे. आठ बेस, चार टॉप, जनरेटर, ट्रॅक्टर-ट्रॉली, डोक्यावर कर्ज. सीझन म्हणजे गणपती, जयंती आणि हळदी. मिक्सर जप्त झाला की कोर्टात खेटे मारायचे आम्ही. नाचलेलं मंडळ तोवर पुढच्या वर्षीचा डॉल्बी ठरवत असतं.

दुसरी गोष्ट. पुण्यात ढोल पथकं दीड-दोन महिने नदीपात्रात सराव करतात. तो आवाज काय कुजबूज असते? पण ती संस्कृती. पांढरा कुडता, फेटा, नऊवारी, वर फोटोग्राफर. आमची पोरं नाचली की धुडगूस. इराताई म्हणतायत तेच म्हणतोय मी, साध्या भाषेत.

आजोबा_ऑनलाईन
मी ढोल पथकांविरुद्धही अर्ज दिलाय. पोच माझ्याकडे आहे. उगाच जातीवर नेऊ नका.

साताऱ्याचा_बेस
जात हा शब्द मी लिहिलेला नाही. तुम्ही लिहिलात. दोनदा.

आजोबा_ऑनलाईन
हा उद्धटपणा झाला.

पॉपकॉर्नवाला
मूळ प्रश्न काय होता कुणी सांगेल का? मालकंस होता ना काहीतरी?

मीनल_ठाणे
बेसभाऊ चुकीचं बोलत नाहीयेत. २००५ मध्ये राज्याने डान्स बार बंद केले तेव्हा तो कायदा थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना लागू नव्हता. म्हणजे नाच अश्लील की नाही हे हॉटेलच्या ताऱ्यांवर ठरत होतं! हायकोर्टाने २००६ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये हाच भेदभाव धरून बंदी घटनाबाह्य ठरवली. मधल्या वर्षांत त्या बायकांनी पोट कसं भरलं हे कुणी विचारलं नाही.

आणि "फ्लोअरवर सगळे समान" हे जरा बेताने घ्या. नव्वदीत आम्ही चार मैत्रिणी एका क्लबात गेलो. दारावरच्या माणसाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "विथ हूम?" आम्ही चौघी समोर उभ्या, तरी विथ हूम! परत आलो, पावभाजी खाल्ली. तेव्हा निषादसाहेब, तुमच्या घामेजलेल्या गर्दीत शिरायलाही आधी दार लागतं.

कोमल_निषाद
मीनलताई, दाराचं मान्य. पण वेअरहाऊस ज्यांनी भरलं त्यांनाही दुसरीकडे दारातूनच परत पाठवलं होतं, म्हणून तर ते भरलं. आणि कृपा करून आजोबा आणि बेस, दोघेही थोडं थांबा. ब्रिटनमध्ये तर १९९४ ला रेव्ह, म्हणजे रात्रभराच्या नाचपार्ट्या, मोडायला कायदाच केला. त्यात संगीताची व्याख्या काय, तर "एकापाठोपाठ येणारे तेच ते ठोके" असलेलं. संसदेत बसून ठोके मोजले या लोकांनी.

आजोबा_ऑनलाईन
शहाणे लोक. प्रत मिळेल का?

साताऱ्याचा_बेस
निषादसाहेब, एक विचारू? तुम्हीच म्हणालात, संगीत फ्लोअरवर जन्मतं. हाकललेल्या पोरांनी, स्वस्तातल्या मशीनवर, चुकत माकत केलेलं. मग आमच्याकडची हलगी मिक्स, संबळ मिक्स काय आहेत? खेड्यातला पोरगा सेकंडहँड लॅपटॉपवर रात्रभर बसतो. हलगीचा कडकडाट काढतो, खाली बेस टाकतो. पहिल्यांदा वाजतं ते ट्रॉलीवर. पोरं उडाली तर ठेवायचं, नाही उडाली तर घरी जाऊन दुरुस्त करायचं. तुमचा तो हार्डी चौथ्या वेळी पास झाला, आमचा मिक्स एका मिरवणुकीत पास-नापास होतो. शिकागोचं ते घराणं आणि आमचा तो रोग?

कोमल_निषाद
शिकागोत चार भिंती होत्या. शेजाऱ्याची बायको उशी धरून बसली नव्हती.

पण (हे लिहिताना दात-ओठ खातोय) बाकी मुद्दा बरोबर आहे. मी स्वतः संबळ मिक्स ऐकले नव्हते. काल रात्री चार ऐकले. तीन भिकार. चौथ्यात संबळ एका जागी अर्धी मात्रा मागे ओढलाय, ते पाच वेळा ऐकलं. करणारा कोण ते कळलं, कारण दर अर्ध्या मिनिटाला तो स्वतःचंच नाव ओरडतो.

साताऱ्याचा_बेस
ओरडावं लागतं. नाहीतर दुसरा उचलतो आणि आपलं म्हणून वाजवतो.

गिरगावचा_गण्या
माझ्या वडिलांनी ॲकॉर्डियनमध्ये मधेच स्वतःचं नाव ओरडायला हवं होतं.

निषाद, तुमचं एवढंच मानतो: चरणजितजींना बाप म्हणणार नाही. थोरले काका म्हणीन. वेगळ्या घरात राहिलेले, भेट न झालेले, पण नाक तेच.

कोमल_निषाद
काका चालतील. तिरंगे काढा.

गिरगावचा_गण्या
एक ठेवतो.

साताऱ्याचा_बेस
आजोबा, रागावू नका. माझ्या चुलत्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. वीस वर्षं भिंतीच्या त्याच बाजूला उभे राहिले. घरात कुणी हे बोलत नाही, इथे बोलतोय. हॉस्पिटल आणि म्हातारी माणसं दिसली की आम्ही आवाज खाली घेतो. म्हणजे मी घेतो. मंडळवाले येऊन परत चढवतात.

आजोबा_ऑनलाईन
तुम्ही घेता याबद्दल आभार. चढवतात त्यांचे नंबर पाठवा.

मघाशी नातवाने ते चरणजित सिंगांचं लावून दिलं. मालकंस आहे, त्यात वाद नाही. स्वर चोख, चलन बरोबर, घाई नाही. पण तबल्याच्या जागी कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय. हिला मशीन आवडलं, मालकंस नाही आवडला. म्हणाली, "हे चालेल, हे छातीत नाही बसत."

साताऱ्याचा_बेस
फोनवर ऐकलंत ना? एकदा अठरा इंची स्पीकरवर ऐका, मग सांगा.

आजोबा_ऑनलाईन
आधी तुमच्या चुलत्यांना विचारा. उजव्या कानात.