अनुभव धागा : काळ्या कोटांपलीकडचे ज्यू शेजारी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहायला आल्यावर 'ज्यू' म्हणजे काळा कोट, लांब दाढी आणि कानाशी लोंबणारी बट, एवढंच मला दिसायचं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर दोन वर्षं एक जण बसायचा, कायम बेसबॉलची टोपी घालून. त्याच्याजवळ मी 'या लोकां'बद्दल काय काय बोललो असेन! डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तो तीन वाजताच लॅपटॉप मिटू लागला. म्हणाला, "साडेचारला सूर्य मावळतो, मग शब्बाथ लागतो, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. त्याआधी घर गाठायला हवं." टोपी काढून डोकं खाजवलं, तर खाली विणलेली किप्पा, म्हणजे धार्मिक ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

म्हणून हा धागा. धार्मिक ज्यूंच्या शेजारी राहिला असाल, त्यांच्यासोबत काम केलं असेल, तर लिहा. गोडगोडच लिहा असं नाही. युद्ध आणि राजकारण मात्र इथे नको.

विल्यम्सबर्गहून :
शेजारच्या आजोबांनी मी पुढे केलेला हात घेतला नाही. महिनाभर मी धुसफुसत होते. मग कळलं, परक्या बाईला हात लावायचा नाही असा नियमच आहे. गेल्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. शेजारच्या आजींनी हात्झोलाला फोन लावला; ही त्यांची स्वयंसेवकांची अँब्युलन्स. दोघे दाढीवाले धावत आले, एकाच्या बाहीला पीठ लागलेलं. त्यानं सरळ सासूबाईंचं मनगट धरून नाडी बघितली. जिवाचा प्रश्न असला की नियम बाजूला. पैशांचं विचारलं तर नुसता हात हलवला. त्यांची नातवंडं आमच्या मुलीशी खेळत नाहीत, हेही लिहून ठेवते.

लेकवूड, न्यू जर्सीहून :
घरमालकानं डिपॉझिट बुडवलं. तो दाढीवाला ज्यू होता हे मी दहा जणांना सांगितलं. त्याआधी एकानं बुडवलं होतं तो पुण्याचा. त्याचं गाव कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

जेरुसलेमहून (पूर्वी) :
इस्रायलचा झेंडा जाळणारे काळ्या कोटातले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी पाहिले असतील. ते नेतुरेई कार्ता, इस्रायल हे राज्यच न मानणारा धार्मिक ज्यूंचा गट, मूठभरच. तिथे माझा पाय मोडला तेव्हा कुबड्या मिळाल्या 'याद सारा' या आजाऱ्यांना वस्तू वापरायला देणाऱ्या संस्थेतून, थोडी अनामत ठेवून. १९७६ साली उरी लुपोलियान्स्की या हरेदी, म्हणजे कडक धार्मिक ज्यू माणसानं ती सुरू केली. पुढे तो शहराचा महापौरही झाला. रांगेत माझ्यापुढे हिजाबातल्या बाई होत्या, मागे सैन्यातला पोरगा.

ठाण्याहून :
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. माझी अडचण उलटी. "तुम्ही ज्यू? वाटत नाही हो!" काळा कोट नाही ना. आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. नवस फेडायला आम्ही एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, मलिदा करतो: गोड पोहे, खोबरं, फळं. इस्रायलमध्येही १९६२ला रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आम्ही खरे ज्यू का हे बघायला आमच्या लोकांच्या लग्नात आईकडच्या पिढ्या तपासायला सांगितल्या होत्या. आंदोलनं झाली, १९६४ला प्रकरण मिटलं. तिथे आमची मंडळी घरात मराठीच बोलायची, मग संशय येणारच!

एडिसनहून :
वाचतेय. शंका : शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात भेटले तर काय म्हणायचं?

विल्यम्सबर्गहून :
"गुट शब्बेस", म्हणजे शुभ शब्बाथ. आजोबा मान हलवतील न हलवतील. पोरं मात्र ओरडून उत्तर देतात.