टेरेस वॉलला मराठीत काय म्हणता? (गच्ची सोडून)

रिव्हिंग्टनच्या बागेवर मराठीत लिहितेय. इंग्लंडात लँकशरमधे बोल्टनजवळ डोंगरउतारावर सनलाइट साबणवाल्या लिव्हरने १९०१ला लाकडी बंगला बांधला, १९१३मधे बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ईडिथ रिग्बीने तो पेटवून दिला, मग लिव्हरने दगडी बांधला आणि १९४८ला तोही पाडला गेला. घर गेलं पण थॉमस मॉसनने आखलेल्या बागेतल्या टप्प्याटप्प्याच्या दगडी भिंती आहेत अजून. मशीनने भाषांतर केलं "गच्चीच्या भिंती", म्हणजे वाळवणं घालायची सोय 😄

—

गडगा म्हणा की सरळ. आमच्या कोकणात गावभर गडगेच आहेत.

—

गडगा नाही चालणार हो, तो दोन्ही बाजूंनी मोकळा असतो, कुंपणाचं काम करतो. इथे भिंतीच्या पाठीला माती आहे. साताऱ्याकडे उताराच्या रानात घालतात ती ताल. "पावसाने ताली फुटल्या" ऐकलं असेलच. खाली थोराड दगड, वर जाताना भिंत डोंगराकडे जरा कलती, फटीत चिपा ठोकायच्या आणि पाठीमागे बारीक दगडगोटे भरायचे म्हणजे पाणी फटीफटीतून निघून जातं. हौशी लोक नंतर सिमेंटने फटी लिंपतात, छान दिसतं, मग पाणी मागे तुंबतं, भिंतीला पोट येतं आणि एखाद्या पावसाळ्यात सगळी खाली. तिकडेही पाऊस भरपूर, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांना हेच बघावं लागत असणार.

—

पौळ?

—

पौळ म्हणजे देवळाभोवतीची, नाहीतर शेताच्या कडेची. माती धरून ठेवणं हे तिचं काम नाही.

—

सरकारी टेंडरात "संरक्षक भिंत" असतं, पण ते वाचलं की घाटरस्ता आणि दरडच डोळ्यासमोर येते, बागेच्या लेखात नको. ताल मस्त आहे पण पुण्यामुंबईच्या वाचकाला तबला ऐकू येईल, म्हणून पहिल्यांदा "टप्प्यांच्या दगडी ताली" लिहा, मग पुढे नुसतं ताली.

—

हे घेते, थँक्स! अजून एक, तिथे १९१०चा पिजन टॉवर आहे, खाली कबुतरं आणि सगळ्यात वर लिव्हरबाईंची शिवणकामाची खोली. कबुतरखाना लिहू का?

—

नको, दादर आठवतं. कबुतरांचा मनोरा लिहा.