घरी गव्हाशिवाय भाजीच्या नूडल्स कशा करायच्या? लेकीसाठी सल्ला हवा आहे

तुरीची_शेंग

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझी लेक नऊ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीनंतर तिचं पोट सारखं फुगायचं, जुलाब व्हायचे, वजन वाढत नव्हतं. आधी जंताचं औषध झालं, मग रक्तवाढीचं झालं. शेवटी नागपूरला रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा सीलिॲक आजार निघाला, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला सोसत नाही. गहू आणि जव कायमचे बंद.

पोळीचं काही वाटत नाही, आम्ही भाकरीचीच माणसं. पण आठवडी बाजारात चायनीजची गाडी लागते. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथं नूडल्स खातात आणि ही माझा हात धरून उभी राहते. मागत नाही, नुसती पाहते. ते पाहवत नाही.

एकदा तालुक्याच्या दुकानातून 'नाचणी नूडल्स' लिहिलेलं पाकीट आणलं. पुढच्या बाजूला नाचणीच्या कणसाचं चित्र होतं. करून दिल्या, पोरगी खूश झाली. रात्रीपासून तीन दिवस पोट धरून पडली. मग पाकीट उलटं करून वाचलं, तर घटकांत पहिलंच नाव गव्हाच्या पिठाचं. आधी वाचायला हवं होतं. आता पाकिटावर माझा विश्वास नाही, घरीच करायच्या आहेत.

व्हिडिओत झुकिनीच्या करतात, पण झुकिनी आमच्या बाजारात येत नाही. दुधी किसून कढईत टाकला तर पार लगदा झाला. भाजीच्याच लांब पट्ट्या कराव्यात की पिठाच्या शेवया पाडून त्यात भाज्या घालाव्यात? भाजीच्या तारा काढायचं मशीन मिळतं म्हणे, ते मागवू का? ज्यांनी खरंच घरी केल्या आहेत त्यांनी सांगा.

आर्वीची_वहिनी

ताई, दुधीचा लगदा झाला कारण त्यात पाणीच पाणी असतं. किसला की सगळं सुटतं. दुधीच घ्यायचा असेल तर कोवळा घ्या, मधला बियांचा गर सोडून फक्त बाहेरचा भाग घ्या. आणि कापल्यावर आधी एक फोड जिभेला लावून बघा. कडू लागला तर सरळ फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो, नुसता बेचव नसतो.

पण माझं मत विचाराल तर कच्ची पपई घ्या. आपल्याकडे परसात एखादं झाड असतंच. हिरवीगार, टणक, आतून पांढरी हवी. पिवळी झाक आली असेल तर सोडा. साल काढा, चीक धुऊन टाका, आणि किसणीवर उभी धरून वरपासून खालपर्यंत एकाच दिशेनं ओढा. मागे-पुढे घासलं की तुकडे होतात, एका दिशेनं ओढलं की वीतभर तार निघते. अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात घालून पिळा. वाटीभर पाणी निघेल, घाबरू नका. ते पाणी कढईत सुटलं असतं तर पुन्हा लगदा झाला असता.

लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची, तेल, लसूण, उभा कांदा, मग पपईच्या तारा. मोठ्या आचेवर दोन मिनिटं, जास्त नाही. झाकण ठेवायचं नाही. मीठ आधीच लागलेलं असतं, चव घेऊनच घाला.

हिवाळ्यात गाजर असंच करा, ते पपईपेक्षाही छान राहतं. कोहळं (लाल) चालतं पण थोडं कच्चट घ्या, पिकलेलं तुटतं.

मशीन घेऊ नका. माझ्याकडे आहे, वापरात नाही. त्याला सरळ, जाड, गोल भाजी लागते. बाजारातली वाकडी गाजरं त्यात अडकतात. किसणी आणि सोलणं पुरतं.

धानपट्टा

मी नागभीड तालुक्यातला. आमच्याकडे गव्हापेक्षा धान, त्यामुळे मी तांदळाच्या बाजूनं बोलणार.

आधी कारण सांगतो, म्हणजे प्रमाण चुकणार नाही. गव्हाच्या कणकेला ताण येतो तो ग्लुटेनमुळं. तांदळात ते नाही, म्हणून कच्चं पीठ भिजवून कितीही मळलं तरी त्याची तार होत नाही. तांदळाची तार धरून ठेवते ती उकड. पिठातली खळ गरम पाण्यात फुगून चिकट होते आणि थंड झाली की घट्ट बसते. कोकणात शिरवाळे करतात ते याच जोरावर. तेव्हा या कामात दोनच गोष्टी सांभाळायच्या. पाणी खळखळ उकळतं हवं आणि शेवया पूर्ण गार होऊ द्यायच्या.

दोन वाट्या तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. पाणी उकळलं की गॅस बारीक करून पीठ एकदम टाका, उलथण्याच्या दांड्यानं फिरवा, झाकण ठेवून पाच मिनिटं सोडा. गरम असतानाच हाताला पाणी लावून मळा. सोऱ्याला बारीक शेवेची ताटली लावून, तेल लावलेल्या इडलीच्या ताटल्यांवर पाडा. आठ-दहा मिनिटं वाफवा. मग पंख्याखाली तासभर. गरम असताना कढईत टाकल्या तर गोळा होतो.

भाजी हवी असेल तर इथंच घाला. दोन वाट्या पाण्यातलं एक वाटी पाणी काढून त्याऐवजी बीट किंवा पालक वाटून गाळलेला रस. बीटाच्या शेवया लालभडक होतात, पोरांना आवडतात.

तांदूळ जुना हवा, निदान वर्षभर ठेवलेला. नवा चिकटतो. चिन्नोर खायला सुंदर, पण मऊ पडतो, या कामाचा नाही. मी घरचा एचएमटी वापरतो. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात वेगळ्या लोंब्या हेरून तो वाण निवडला. 2018 साली ते गेले. मी पीठ चाळताना त्यांची आठवण काढतोच.

बिनगव्हाची_बारा_वर्षं

ताई, मला स्वतःला हा आजार आहे, बारा वर्षं झाली. वरच्या दोघांच्या पाककृती उत्तम आहेत. पण तुमची लेक आजारी पडेल ती पाककृतीमुळे नाही, गहू जिथून गुपचूप शिरतो तिथून. ते सविस्तर लिहिते.

चक्की. गावच्या चक्कीवर तुमच्या आधी गहू दळलेला असतो. जात्याच्या फटीत तो असतो, पट्ट्यावर असतो, हवेतही उडत असतो. "आधी पसाभर तांदूळ टाकून साफ करतो" म्हणतात, त्यानं पुरत नाही. तांदळासाठी चक्कीवर जाऊच नका. तांदूळ धुवा, चार तास भिजवा, निथळून सुती कापडावर सावलीत तासभर पसरा. मुठीत धरला तर हाताला ओलसर लागला पाहिजे, पाणी सुटता कामा नये. मग मिक्सरमधून काढा आणि नवीन चाळणीनं चाळा. जुन्या चाळणीच्या जाळीत कणिक अडकलेली असते, ती धुऊन जात नाही.

काठवट, लाकडी पोळपाट, लाकडी सोऱ्या. लाकूड पीठ धरून ठेवतं. तिच्यासाठी स्टीलची परात आणि स्टीलचा किंवा पितळेचा नवा सोऱ्या आणा. घरात पहिल्यांदा वाद होतो, माझ्याकडेही झाला. सासूबाई म्हणाल्या, चिमूटभरानं काय होतं. या आजारात चिमूटभरानं होतं, आणि कधी कधी बाहेर काही दिसत नाही पण आतडं झिजत राहतं.

हिंग. बाजारातला बांधणी हिंग बहुतेक वेळा मैद्यात बांधलेला असतो. काही तांदळाच्या पिठात असतात, वाचून घ्या. नाही तर लसूण आहेच.

सोया सॉस. सोयाबीन आपल्या रानातलं, त्यात काही दोष नाही. पण सॉस मुरवताना त्यात गहू घालतात. तो बाद. त्याऐवजी चिंचेचा कोळ, थोडा गूळ, मीठ आणि लसूण-मिरचीचं वाटण. रंग गडद येतो आणि आंबट-गोड-तिखट तीनही लागतं.

जव आणि जवस. नावं सारखी, गोष्टी वेगळ्या. जव चालत नाही, जवस चालतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, शेजारणीलासुद्धा. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो, तेही नको.

रवा, सोजी, दलिया, शेवया, कुरडई सगळी गव्हाचीच. कुरडईत चीक असतो म्हणून चालते असं कुणी सांगेल, ऐकू नका. पाकीट घ्यायचंच झालं तर त्यावर 'ग्लुटेन-फ्री' असं लिहिलेलं हवं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमात त्याची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. 'मैदा नाही' किंवा 'मल्टीग्रेन' म्हणजे ग्लुटेन नाही असं नव्हे. घटकांच्या यादीत जे जास्त, ते आधी लिहितात, तुम्ही ते अनुभवलंच आहे.

आणि एक. तिचं वजन भरून यायचं आहे. नुसत्या पपईच्या तारांनी पोट भरतं, अंगी लागत नाही. निम्म्या तांदळाच्या शेवया, निम्म्या भाजीच्या तारा अशा मिसळा, वरून भाजलेल्या फल्लीदाण्यांचा कूट नाही तर अंडं फोडून घाला.

मोर्शीचा_भाऊ

ताई, ज्वारीच्या पन करून पाहा. आमच्या घरी माय करते. मी नुसता खाणारा नाई, सोऱ्या मीच दाबतो.

ज्वारी निवडून धुवा पाह्यजे. आपल्या इकडं थ्रेशर एकच असते, आधी गहू काढते मंग ज्वारी, त्याच्यात गव्हाचा दाना सापडतेच. मायनं एका पायलीत सात दाने काढले होते. धुऊन वाळवून घरीच दळा. अन पीठ ताजं पाह्यजे. आठ-दहा दिसानं पिठाची विरी जाते. भाकर थापाले घेतली का काठ फाटते ना, तसंच शेवयाचं बी होते, ताटलीतून निंगता निंगता तुटते.

एक वाटी ज्वारी, पाव वाटी तांदूळ पीठ, एक चमचा जवस बारीक करून. जवस कोमट पान्यात पाच मिनिटं ठेवला का बुळबुळीत होते, तेच पिठाले धरून ठेवते. सव्वा वाटी उकळतं पानी. बारीक ताटली लावू नोका, जाड शेवेची लावा. वाफ बारा मिनिटं.

वरून सांबार भरपूर टाका. (पुन्या-मुंबईचे लोक वाचत असतीन तर: सांबार म्हंजे कोथिंबीर.)

तुरीची_शेंग

एवढं सगळं मनापासून लिहिलंत, कसे आभार मानू. एक शंका, ज्वारीच्या शेवया सोऱ्यातून दाबायला किती ताकद लागते? माझा उजवा खांदा दुखतो.

मोर्शीचा_भाऊ

उकड गरम असतानीच दाबा, निम्मं जोर लागते. गार झाली का दोघं जन लागतीन. एका टायमाले सोऱ्या अर्धाच भरा.

तुरीची_शेंग

आठ दिवसांनी लिहिते आहे. स्टीलचा नवा सोऱ्या, नवी चाळणी, परात आणली. तिघांवर लाल दोरा बांधला आहे, म्हणजे घाईत कुणी कणकेला घेणार नाही. सासूबाईंनीच तो दोरा बांधला.

पहिल्यांदा तांदळाच्या बिघडल्या. पाणी नुसतं बुडबुडे आलं आणि मी पीठ टाकलं. शेवया बोटभर लांबीच्या पडल्या आणि वाफवल्यावर तुटून रवाळ झाल्या. तिनं त्या दुधात गूळ घालून खाल्ल्या, वाया गेल्या नाहीत. दुसऱ्यांदा पाणी खळखळू दिलं. ताटलीतून पांढरी तार अशी अखंड उतरली की मी हात थांबवून बघतच राहिले. निम्म्या शेवया बीटाच्या रसात केल्या. पंख्याखाली गार केल्या, मग एक तार उचलून ओढली. थोडी ताणली गेली, मग तुटली. गव्हाशिवाय इतकं पुष्कळ आहे.

पपई शेजारच्यांच्या झाडाची. पिळल्यावर खरंच वाटीभर पाणी निघालं. चिंच-गुळाचं वाटण घातलं, फल्लीदाणे घातले. बाजाराच्याच दिवशी केल्या मुद्दाम. तिनं ताट घेतलं आणि अंगणात ओट्यावर जाऊन बसली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मैत्रीण आली तर तिच्याही हातावर दोन लाल तारा ठेवल्या.

ज्वारीच्या अजून जमल्या नाहीत, पीठ बहुधा जुनं होतं. या आठवड्यात पुन्हा करते.

आता पुढचा प्रश्न. शाळेच्या डब्यात दिल्या तर दुपारपर्यंत एकमेकींना चिकटतात. काय करावं? आणि चैत्रात आमच्याकडे सरगुंडे (काडीवर वळून केलेलं गव्हाचं वाळवण) आणि शेवया करायला सगळ्या बायका जमतात, अंगणभर गव्हाचं पीठ उडतं. तिला त्या दिवशी कुठं ठेवू?

आर्वीची_वहिनी

डब्यात भरण्याआधी पूर्ण गार करा, चमचाभर तेल हातानं चोळा, आणि भाजीच्या तारा मधून-मधून पेरा, त्या चिकटू देत नाहीत. वाटण वेगळ्या छोट्या डबीत द्या, खाताना कालवेल.

बिनगव्हाची_बारा_वर्षं

चैत्रातलं काम करायचंच असेल तर दोन वेगळे दिवस करा. आधी तिच्या तांदळाच्या शेवया, अंगण स्वच्छ असताना, तिच्या लाल दोऱ्याच्या भांड्यांत, सगळ्या बायका मिळून. त्या वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गव्हाचं काम त्यानंतर, आणि त्या दिवशी तिला आजोळी पाठवा. मी लहानपणी खोलीत कोंडून बसले होते, तसं तिचं व्हायला नको. सोऱ्याचा दांडा तिलाच दाबू द्या.

तुरीची_शेंग

दोन दिवस! हे सुचलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, तांदूळ आत्तापासून ठेवून द्या, चैत्रापर्यंत जुना होईल.