बार्बाडोसमध्ये मोक भाड्याने घेताना : अनुभव आणि खाचाखोचा

सागरगोटा (धागाकर्ती)

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर निघालेल्यांचा पहिला प्रश्न हॉटेलचा असतो आणि दुसरा, ‘ती उघडी छोटी गाडी चालवायला मिळते का?’ ती गाडी म्हणजे मोक. मिनी मोटारीचं इंजिन आणि सांगाडा घेऊन १९६४ पासून बाजारात आलेली; दारं नाहीत, समोर काच, वर कापडी छत. मूळ बेत लष्करासाठी होता. पण बूड जमिनीला इतकं टेकलेलं की लष्कराने नको म्हटलं, आणि समुद्रकिनाऱ्यांनी तिला दत्तक घेतलं.

ज्यांनी चालवली आहे त्यांनी इथे नेमकं लिहा : काय तपासायचं, कुठल्या दिशेने फिरायचं, माणसं जास्त असली तर काय, फसगत कुठे होते. प्रवासवर्णनं आणि सूर्यास्ताचे फोटो इथे नकोत.

सुरुवात कागदांपासून. वाहन परवाना मूळ कार्डाच्या रूपात हवा, डिजिलॉकरमधली प्रत काउंटरवर चालत नाही. त्यावर स्थानिक ‘व्हिजिटर परमिट’ लागतं. ते बहुतेक गाडी देणारेच काढून देतात, फी किरकोळ असते. जितके जण स्टिअरिंग धरणार तितकी परमिटं, आणि तितकीच नावं करारावर. ‘जरा पुढच्या गावापर्यंत मी चालवतो’ म्हणणाऱ्याचं नाव करारात नसेल तर त्या टप्प्यावर विमा नाही.

अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. भारतातून येणाऱ्यांनी कार्डाचा परदेशातला वापर ॲपमधून चालू करून निघावं. नव्या कार्डांवर तो मुळात बंदच असतो. फॉरेक्सचं प्रीपेड कार्ड अनामतीला घेतील हे गृहीत धरू नका.

आणि भाव ऐकला की ‘कुठले डॉलर?’ हे विचारा. २ बार्बाडोस डॉलर म्हणजे १ अमेरिकी डॉलर, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे आणि दुकानात दोन्ही चलनं चालतात. ‘दीडशे’ या शब्दाचा अर्थ दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो.

दुसरा_गिअर

गाडीबद्दल लिहितो. मोक या नावाखाली आत वेगवेगळा माल असतो : जुन्या मिनीच्या इंजिनाच्या, नव्या इंजेक्शनवाल्या, आता बॅटरीवरच्याही. बुकिंग करताना गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, पुढे डिस्क ब्रेक आहेत की चारही चाकांना ड्रम, मागे पट्टे कमरेचे की खांद्यावरून येणारे, हे तीन प्रश्न विचारा. ‘मोक आहे का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘आहे’ एवढंच येतं.

ताबा घेताना अर्धा तास राखून ठेवा आणि मोबाइलवर सलग एक व्हिडिओ घ्या. पुढून सुरू करून डावीकडून गोल, मग आतला पत्रा, शेवटी इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. पायाखालची रबरी चटई उचलून बघाच. खारा वारा आणि साचलेलं पाणी मिळून पत्रा तिथेच खातात. तळाला पाणी जायला भोक असतं. त्यात वाळू बसली असेल तर पहिल्या सरीला पाय तळ्यात. काडी घालून मोकळं करून घ्या.

मग टायर. वरची नक्षी सगळेच बघतात, तुम्ही कडा बघा. इथल्या आतल्या रस्त्यांची डांबराची किनार कोरल दगडावर तुटलेली असते. समोरून बस आली की चाक त्या धारेवरून खाली उतरतं आणि टायर बाजूने फाटतो. टायर, काच आणि गाडीचा तळ हे विम्यात बहुधा धरलेले नसतात, करारातली ती ओळ वाचा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, आणि पाना खरंच त्या नटांना बसतो का, हे लावून बघा.

ब्रेक : दुकानाच्या आवारात दोनदा जोरात दाबा. पायडल दुसऱ्यांदा जास्त वर येत असेल तर ड्रमचं समायोजन राहिलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. ती गाडी घेऊ नका. हँडब्रेक उतारावर उभं करूनच तपासा. रिव्हर्स गिअर तिथेच दोन-तीनदा टाकून बघा, वळणावर मागे बस उभी असताना तो शोधायची वेळ येऊ नये. छताच्या दांड्यांच्या खिळी आणि सगळे बकल लावून-काढून बघा.

उतारावर ज्या गिअरने तोच उतार चढला असता त्याच गिअरने उतरायचं. म्हणजे बहुतेक वेळा दुसरा. चार माणसं बसलेली जुनी मोक तिसऱ्यावर सोडून ब्रेकवर धरून ठेवली की ड्रम तापतात, आणि खालच्या वळणावर पायडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, पण सुट्टीवर आलेला माणूस घाट विसरतो. पाण्यातून गेलात तर पुढचे शे-दोनशे मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चाला, म्हणजे ड्रम कोरडे होतात.

पाटावरवंटा

माणसांचं गणित. कागदावर मोकमध्ये चौघं बसतात. खरं म्हणजे तीन मोठी माणसं आणि एक सीटभर सामान, कारण डिकी नावाची गोष्टच नाही. आठ जणांसाठी तीन मोक घेण्यापेक्षा दोन मोक आणि एक बंद गाडी घ्या. बंद गाडीत पासपोर्ट, कपडे, पाणी, आजी-आजोबा आणि ज्याला उन्हाने डोकं चढलंय तो. दर थांब्याला बसणारे बदलले की कुणी रुसत नाही.

लहान मूल असेल तर ते बंद गाडीतच. मागे नुसता कमरेचा पट्टा असेल तर चाइल्ड सीट धड बसत नाही, आणि बाजूला दार नाही.

एकामागून एक जाताना नियम एकच : पुढच्याने वळण घेतल्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत सावकाश चालायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. फोनवर रस्ता सांगत बसू नका, उघड्या गाडीत ताशी ४० च्या पुढे फोन ऐकूच येत नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

फिरस्ता

दिशेबद्दल ठाम मत आहे. बेट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरा. इथे वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. काट्याप्रमाणे गेलात की समुद्र सतत डाव्या हाताला राहतो, म्हणजे थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट फिरलात तर प्रत्येक फोटोसाठी समोरची वाहतूक कापून उजवीकडे शिरायचं आणि मग पुन्हा बाहेर यायचं.

राजधानी ब्रिजटाउनहून सकाळी सातच्या आत निघा. स्प्रिंग गार्डन हायवे, मग हायवे १ ने होलटाउन आणि स्पाइट्सटाउन. क्रिकेटवेड्यांनी सुरुवातीलाच केव्ह हिलला विद्यापीठाच्या आवारात थ्री डब्ल्यूज ओव्हल बघून घ्यावं, वेस्ट इंडिजचे वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स हे ‘थ्री डब्ल्यूज’ तिथेच विसावले आहेत. केन्सिंग्टन ओव्हल, जिथे २९ जून २०२४ ला भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, ते परतीच्या दिवशी पायी करा. त्याच्यासाठी मोक कशाला?

उत्तर टोकाला ॲनिमल फ्लॉवर केव्ह. लाटा मोठ्या असल्या की गुहेत उतरू देत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी फोन करा. तिथून खाली सेंट निकोलस ॲबी, १६५८ च्या सुमाराची हवेली. तिच्यापासून पुढे महोगनीच्या बोगद्यातून गाडी चढते आणि चेरी ट्री हिलला झाडं एकदम संपतात. समोर स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट नावाचा अख्खा डोंगराळ भाग आणि त्याच्या पलीकडे अटलांटिक. हे दृश्य या बाजूने आलात तरच समोर येतं, उलट आलात तर पाठीमागे राहतं. थांबायची जागा डावीकडे आहे, रस्त्यात थांबू नका.

पुढचा उतार मॉर्गन लुईसच्या पवनचक्कीकडे जातो. वर दुसऱ्या गिअरचं लिहिलंय ते इथे लावा. बेटाचा बहुतेक भाग कोरलच्या चुनखडीचा आहे, पाणी खाली मुरून जातं. हा भाग मात्र मातीचा, चिकणमाती आणि शेल नावाच्या ठिसूळ, पापुद्र्यांच्या दगडाचा. पावसाने डोंगर सरकतो आणि रस्ता खचतो. कालचा नकाशा आज खरा असेलच असं नाही. ‘रस्ता बंद’ची पाटी दिसली तर तिच्याशी वाद घालू नका.

मग बेलप्लेन, आणि तिथून अर्मी बोर्न हायवेने कॅटलवॉश, बाथशेबा. पूर्व किनाऱ्याचा हा पट्टा मोकसाठीच केल्यासारखा : सरळ, मोकळा, डावीकडे समुद्र. पोहायचं मात्र नाही, ओढ भयंकर असते. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत बसा. परतताना हॉर्स हिलचा चढ आहे. पहिला-दुसरा गिअर, तापमानाच्या काट्यावर नजर, आणि वर पोचल्यावर इंजिन दोन मिनिटं सुरू राहू द्या. मग हायवे ३ ने ब्रिजटाउन.

बेट ३४ किमी लांब आणि २३ किमी रुंद. आकडा बघून ‘तीन तासांत उरकू’ असं वाटतं. थांबे धरून आठ तास लागतात.

मीठपाणी

@फिरस्ता, दिशा मान्य, पण परतीचा मुद्दा राहिला. हायवे ३ ने दुपारी चारनंतर पश्चिमेकडे आलात तर ऊन थेट डोळ्यांत आणि शहरात ऑफिसं सुटण्याची गर्दी. मोकमध्ये तुमचं डोकं बसच्या धुराच्या नळकांड्याच्या पातळीवर असतं. बाथशेबा तीनच्या आत सोडा, नाहीतर सहानंतर या. पण सहानंतर म्हणजे अंधार. इथे वर्षभर सूर्यास्त साधारण साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये होतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. उसाच्या शेतांतल्या रस्त्यांना दिवे नसतात. ऊस उभा असतो तेव्हा चौकातलं काहीच दिसत नाही, नाक बाहेर काढून मगच पुढे जायचं.

सागरगोटा

ऊन, वारा, पाऊस यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून.

वाऱ्यामुळे ऊन लागलेलं कळत नाही. मांड्यांचा वरचा भाग आणि पावलांच्या पाठी आधी भाजतात, आणि क्रीम नेमकं तिथेच लावायचं राहतं. चालवणाऱ्याचा उजवा हात छताच्या बाहेर असतो. लांब बाह्यांचा सुती शर्ट सगळ्यात बरा. ओढणी, स्टोल, पदर यांची टोकं आत खोचा, बाजू उघडी आणि चाक हातभरावर आहे. टोपीला नाडी हवी. आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे बॅगेतच घालू नका. बार्बाडोसमध्ये ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा.

पाऊस दहा-पंधरा मिनिटांचा असतो, पण आडवा येतो. छत असून भिजता. थांबायला पेट्रोल पंपाची छपरी उत्तम. प्रत्येक सीटला एक जुना टॉवेल ठेवा, पाऊस गेल्यावर पुसायला आणि तापलेल्या रेक्झिनवर अंथरायला.

आता सर्वांत महत्त्वाचं. समुद्रकाठी सावली दिसली म्हणून गाडी कुठल्याही झाडाखाली लावू नका. मँचिनील नावाचं झाड किनाऱ्यावर उगवतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. फळ तर विषारी आहेच, पण पाऊस पडला की पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. बंद गाडीत टपावर पडेल, मोकमध्ये सीटवर आणि स्टिअरिंगवर पडतं. बऱ्याच झाडांच्या खोडाला लाल पट्टा रंगवलेला असतो. पट्टा नाही म्हणून झाड निर्धोक, असं समजू नका.

गोलचक्कर

रस्त्यावरचे रिवाज, थोडक्यात.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. पुण्या-मुंबईच्या सवयीने नाक घुसवलंत तर तो थांबणार नाही, कारण त्याला खात्री आहे की तुम्ही थांबाल.

हॉर्न इथे बहुधा शिवी नसते. एक छोटा ‘पीप’ म्हणजे ‘धन्यवाद’, ‘जा तुम्ही’ किंवा नुसतं ‘काय म्हणता’. दचकून ब्रेक मारू नका. मॅरून पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅन, म्हणजे झेडआर, कुठेही थांबतात. मागे अंतर ठेवा. भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटची सुरुवात ‘एच’ने होते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि बरेचदा वाट मिळते.

रस्ता चुकलात तर बसथांब्याची गोल पाटी बघा. तिच्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच असतं. तुमच्या बाजूच्या पाटीवर ‘टू सिटी’ असेल तर तुमचं तोंड ब्रिजटाउनकडे आहे. नेटवर्क नसताना याहून भरवशाचं काही नाही.

खडीसाखर

कॅरिबियनमधल्याच अरुबा बेटावर जाणाऱ्यांसाठी एक आडवा मुद्दा. तिथे मोकपेक्षा यूटीव्ही, म्हणजे जाड टायरची सांगाड्याची बग्गी, जास्त दिसते आणि वाहतूक उजवीकडून आहे. आरिकोक राष्ट्रीय उद्यानात यूटीव्ही नेता येत नाही. त्याच उद्यानातल्या नॅचरल पूलसाठी बग्गी घेणार असाल तर आधी रस्ता तपासा. धूळ एवढी उडते की तोंडाला बांधायला फडकं आणि बंद बाजूंचा चष्मा हवाच.

पाटावरवंटा

बॅटरीवरच्या मोकबद्दल कुणाला माहीत आहे का? पूर्ण फेरा होतो का?

दुसरा_गिअर

@पाटावरवंटा, कंपनी सांगते तो पल्ला सपाट रस्त्याचा आणि कमी वजनाचा असतो. इथे चार माणसं आणि चढ. किनारा ९७ किमीचा, त्यात आतबाहेर जाणं वेगळं. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यापुरती बॅटरीवाली मस्त, पूर्वेला जायचं तर पेट्रोलवाली. रात्री हॉटेलच्या साध्या प्लगवर लावणार असाल तर लक्षात घ्या, इथे वीज ११५ व्होल्ट आहे. आपल्या २३० च्या हिशेबाने चार्जिंगचे तास मोजू नका.

परत देताना इंधन घेतलं तेवढं भरून द्या. दर सरकार ठरवतं, त्यामुळे स्वस्त पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही. पंपावरच चटया झटका आणि तळाच्या भोकातली वाळू काढा, सफाईचे वेगळे पैसे लावणारे असतात. मग पुन्हा तोच गोल व्हिडिओ, त्याच क्रमाने, आणि अनामत सोडल्याची पावती हातात घेऊनच टॅक्सीत बसा.