व्हीएन्व्हमध्ये टीकिंटर चालेना. टीकिंटर ठेवू की क्यूटी घेऊ? (दोन्ही अ‍ॅपच्या विंडो बनवायच्या लायब्ररी)

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. गावच्या दूध संकलन केंद्रासाठी छोटं अ‍ॅप करतोय. शेतकऱ्यानं कॅन लावला की खातं नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर एका विंडोत दिसला पाहिजे, तोही मराठीत. उबुंटू २४.०४, पायथन ३.१२. व्हीएन्व्हमध्ये (एका प्रोजेक्टपुरती पायथन पॅकेजेस वेगळी ठेवायची जागा) पिपला, म्हणजे पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरला, 'पिप इन्स्टॉल टीकिंटर' दिलं तर पॅकेजच सापडत नाही. व्हीएन्व्हच्या बाहेर पिप चालवलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' (हे पायथन उबुंटू सांभाळतं) असा एरर. मित्र म्हणतो, ती अडवणूक मोडणारा 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय लावून दामट. करू का?

प्रतिसाद १
नका करू. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात, त्याला हात लावू नका.
टीकिंटर पिपनं येत नाही. ते पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतलंच आहे, फक्त उबुंटूनं वेगळं काढून ठेवलंय. एपीटीनं, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरनं, बसवा: 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-टीके' द्या. व्हीएन्व्ह स्टँडर्ड लायब्ररी मूळ पायथनचीच वापरतं, त्यामुळे ते पुन्हा बनवायचीही गरज नाही. मग 'पायथन -एम टीकिंटर' चालवा. बटण असलेली छोटी विंडो उघडली की झालं.

प्रतिसाद २
पायएन्व्हनं (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवायचं टूल) पायथन बसवलं असेल तर मात्र वरच्या उपायाचा उपयोग नाही. आधी 'टीके-डेव्ह' बसवून पायथन पुन्हा बिल्ड करावं लागेल.

प्रतिसाद ३
दादा, 'तोही मराठीत' हे वाचलं म्हणून लिहिते. लिनक्सवर टीके ८.६ (टीकिंटर ज्यावर चालतं ती लायब्ररी) जोडाक्षरं जुळवत नाही. 'म्हैस' लिहिलं की म चा पाय मोडलेला आणि ह शेजारी सुटा. 'लिटर'ची वेलांटी ल च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. विंडोजवर हेच नीट दिसतं, त्यामुळे फाँटमध्ये दोष आहे असं वाटून मी दोन दिवस फाँट बदलत बसले होते. फाँटचा काही दोष नव्हता.
म्हणून तुम्ही पायसाइड६ (पायथनमधून क्यूटी वापरायचं पॅकेज) घ्या. क्यूटी अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतं, मराठी स्वच्छ दिसतं. व्हीएन्व्ह चालू करून 'पिप इन्स्टॉल पायसाइड६-इसेन्शियल्स'. पूर्ण पायसाइड६ बरंच मोठं आहे, तुम्हाला एवढं पुरेल. डब्ल्यूएक्सपायथन या तिसऱ्या लायब्ररीच्या वाटेला जाऊ नका. लिनक्सवर पिप ते सोर्सपासून कंपाइल करायला घेतं आणि तुम्ही ताटकळत बसता.

धागाकर्ता
ताई, पायसाइड बसलं, पण विंडो उघडेना. 'एक्ससीबी प्लगइन लोड झालं नाही' असं काहीतरी येतंय. व्हीएन्व्ह पुसून पुन्हा केलं, तरी तेच.

प्रतिसाद ३
व्हीएन्व्ह कितीही वेळा केलंत तरी तेच येणार. त्याचं कुंपण फक्त पायथनच्या पॅकेजेसभोवती असतं. विंडो पडद्यावर आणणाऱ्या काही लायब्ररी क्यूटी सिस्टिमकडूनच घेतं, आणि त्या पिप आणत नाही. क्यूटी ६.५ पासून त्यात एक वाढली: 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिबएक्ससीबी-कर्सर०'. एवढं करून बघा.

धागाकर्ता
उघडली! 'म्हैस, ६.५ फॅट' अगदी छापल्यासारखं दिसतंय. मनापासून आभार. आता केंद्रावरच्या मशीनवर न्यायचंय. 'पिप फ्रीझ' करून रिक्वायरमेंट्सची फाइल (बसवलेल्या पॅकेजेसची यादी) नेली की पुरेल ना?

प्रतिसाद १
नाही पुरणार. त्या फाइलमध्ये एपीटीनं बसवलेलं काहीच येत नाही. लिबएक्ससीबी-कर्सर० ची ओळ रीडमीमध्ये आत्ताच लिहून ठेवा, आणि व्हीएन्व्हचा फोल्डर कॉपी न करता तिकडे नवा बनवा. जुन्यात तुमच्या मशीनचे पाथ पक्के लिहिलेले असतात.