मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी रक्तदाबाची गोळी बंद का?

प्रश्न : रुग्णाचा मुलगा, देवगड
वडिलांच्या मेंदूच्या आवरणावरील गाठ काढण्यासाठी कोल्हापूरला शस्त्रक्रिया ठरली आहे. रक्तदाबासाठी त्यांना टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन चालू आहेत. भूलतज्ज्ञांनी त्या दिवशी टेल्मिसार्टन घेऊ नये, अ‍ॅम्लोडिपिन मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यावी, असे लिहून दिले आहे. ज्यांचा दाब मुळातच चढतो, त्यांची एक गोळी नेमकी त्याच दिवशी का थांबवायची? आणि शस्त्रक्रिया चालू असताना दाब वाढला तर काय करतात? आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : भूलतज्ज्ञ, चिपळूण
सूचना योग्य आहे, तीच पाळावी. टेल्मिसार्टनचा अंमल असताना भूल दिली, तर दाब फार खाली जाऊ शकतो आणि नेहमीच्या औषधांना लवकर दाद देत नाही. सरासरी रक्तदाबातून कवटीच्या आतला दाब वजा जाता जे उरते, त्याच जोरावर मेंदूला रक्त मिळते. त्यामुळे दाब घसरणेही चढण्याइतकेच घातक असते. त्यातही जुना रक्तदाब असणाऱ्यांच्या मेंदूला चढ्या दाबाची सवय झालेली असल्याने, इतरांना पुरेसा ठरणारा आकडा त्यांना अपुरा पडू शकतो. म्हणून वडिलांच्या घरी घेतलेल्या दाबाच्या नोंदी भूलतज्ज्ञांना अवश्य दाखवा.

शस्त्रक्रियेत बहुधा मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दिसतो. डोके पिनांनी घट्ट धरतात त्या क्षणी दाब उसळतो. त्यासाठी डोक्याच्या कातडीच्या नसा आधीच बधिर करतात किंवा भूल गडद करतात. तरीही दाब चढला, तर आधी कारण शोधावे लागते. नाडी मंद होऊन दाब वाढत असेल, तर कवटीतला दाब वाढल्यामुळे शरीरानेच तो चढवलेला असण्याची शक्यता असते आणि तेव्हा नुसता आकडा उतरवणे अहितकारक ठरते. तसे कारण नसेल, तर शिरेतून लॅबेटालॉल थोडे थोडे देतात, किंवा एस्मोलॉल, ज्याचा अंमल काही मिनिटांत ओसरतो आणि म्हणून ते हाताशी हवेच. नायट्रोग्लिसरीन मेंदूतील रक्तवाहिन्याही रुंदावते आणि त्याने कवटीतला दाब वाढू शकतो, त्यामुळे ते जपून वापरतात.

उत्तर : अतिदक्षता विभागातील परिचारिका, कुडाळ
मला अधिक काळजी वाटते ती भूल उतरतानाची. श्वासासाठी घशात घातलेल्या नळीमुळे ठसका लागतो, वेदना जाणवतात, दाब चढतो आणि ताज्या जखमेत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून वरचा दाब साधारण १४० ते १६० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. भेटीच्या वेळी वडिलांना फार बोलायला लावू नका.

रुग्णाचा मुलगा, देवगड
मनःपूर्वक आभार. टेल्मिसार्टन पुन्हा कधी सुरू करायची?

भूलतज्ज्ञ, चिपळूण
दाब स्थिरावल्यावर आणि मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याचे पाहून तेथील डॉक्टर सांगतील, तेव्हाच. घरी परतताना औषधांच्या चिठ्ठीत तिचे नाव दिसले नाही, तर तिथेच विचारून घ्या.