मराठवाड्यातल्या मराठी शाळांत उर्दू लिपी शिकवावी का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
२०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी शिंदे समिती नेमली आणि जुन्या कागदांत कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा आमच्याही घरातली पत्र्याची पेटी उघडली. तळाशी पणजोबांचा कागद निघाला. घड्यांवर फाटलेला आणि सगळा उर्दूत. घरात चार पदवीधर, पण एकालाही अक्षर लागेना. शेवटी मागच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेलो. चाचांनी कागद पाटावर पसरला, उजवीकडून बोट फिरवत नेलं आणि 'वल्द' म्हणून थांबले. पुढं पणजोबांच्या वडलांचं नाव होतं. ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं! मग चतुःसीमा वाचली: पूर्वेला ओढा, दक्षिणेला चिंच. ती चिंच अजून उभी आहे.

चाचांची आणि आमची भिंत पन्नास पावलांवर, तरी आमच्याच वाडवडलांचं नाव त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं. मला वाटतं, पाचवी ते सातवी आठवड्याला एक तास ही लिपी शिकवावी. शेजाऱ्याचं लिहिलेलं वाचता येत नसेल तर नुसतं शेजारी राहून काय उपयोग?

बालाघाट
सपशेल विरोध. निजामाच्या राज्यात बहुतेक लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे आणि कचेरी मात्र उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. माझ्या आजोबांना समन्स आलं की ते वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं. वर रझाकारांची दहशत. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटका झाली. 'दोन संस्कृती गुण्यागोविंदानं नांदल्या' असं म्हणू नका. एक गादीवर बसली होती, दुसरी खाली.

देगलूरकर
आमच्या सीमेवर तेलुगूही आहे, तिलाही तास देणार का? आणि शिक्षक कुठून आणणार?

जालन्याची बाजी
बालाघाट दादा, तुमच्या आजोबांचं खरं आहे, ते मी खोडत नाही. पण ती कचेरीची उर्दू आमच्याही घरची नव्हती. माझी अम्मी दखनी बोलते. 'नक्को' म्हणते, 'ऐसाइच' म्हणते. हा 'नको' आणि हा 'च' मराठीतूनच तिच्या जिभेवर आला ना? उर्दूत ज्यांचं नाव आदरानं घेतात ते कवी वली आणि सिराज दोघंही औरंगाबादचे. तेही इथल्याच मातीतले.

आणि १७ सप्टेंबर. तुमच्याकडं झेंडा असतो. आमच्याकडं त्या दिवसाचं नाव निघालं की दादी उठून आत जायची. भारतीय फौजेच्या त्या 'पोलीस कारवाई'नंतर उस्मानाबाद, नांदेडकडं मुसलमानांचं जे झालं त्याची चौकशी करायला सुंदरलाल समिती आली होती. तिचा अंदाज होता, संपूर्ण हैदराबाद संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. रझाकारांनी मारलेल्यांसाठी मी रडते. आमच्यासाठीही कुणी दोन शब्द बोलावेत, एवढंच म्हणणं आहे.

धाग्यातल्या प्रस्तावावर मात्र माझं वेगळं मत आहे. माझा मुलगा उर्दू शाळेत जातो, तिथं मराठी विषय असतोच. तो तुमचं वाचतो. पण त्याला मराठी शाळेतला एकही मित्र नाही. लिपीच्या तासानं काय होणार? पोरं एका मैदानावर आणा.

गोदाकाठ
बाजी, दादीचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मैदानाचं पटलं.

बालाघाट, कचेरीची सक्ती वाईटच होती. म्हणून तर मी कारभाराचं बोलत नाही, वाचण्याचं बोलतोय. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात दोघं एकमेकांच्या धर्मातले दाखले काढून कडाडून भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. दुसऱ्याच्या घरातलं माहीत होतं, म्हणून असं भांडता आलं. आज आपल्याला धड भांडताही येत नाही, कारण आपल्याला एकमेकांचं काहीच ठाऊक नाही.

चाचांचं वय झालंय. त्यांच्यानंतर आमच्या गल्लीत तसले कागद वाचणारं कुणी नाही. गेल्या महिन्यापासून रविवारी सकाळी ते ओट्यावर बसतात, चार पोरं येतात. दोन आमच्या घरातली आहेत.

बालाघाट
ओट्यावर खुशाल शिकवा, त्याला माझी ना नाही. बाजींच्या दादीबद्दल मला माहीत नव्हतं, हेही कबूल करतो. पण शाळेत तास द्यायचाच असेल तर आधी मोडीला द्या. तीही आपल्या पोरांना वाचता येत नाही, आणि अर्धे जुने कागद तिच्यात पडून आहेत. तोवर माझा विरोध कायम.